ओंजळीतला काळा गाळ

सोनू, जरा कान इकडे कर. आजोबांवर पुस्तिका काढतेस आणि मला फोनवर म्हणतेस, "दोन ओळी सांग"? दोन ओळींत मावणारा माणूस होता का तो? म्हणून लिहूनच पाठवते.

तुझे आजोबा, आम्हा गावकऱ्यांचे गोविंदाभाऊ, गावतलावाचे पाणकर. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वावराला, पाणी कधी आणि किती, ते त्यांच्या शब्दावर. तलावाच्या पाळीला दगडी तुडुम आहे, एकाखाली एक भोकं असलेलं. पाणी उतरेल तसं वरून एकेक भोक उघडायचं. तळाचं भोक उघडायला मात्र बुडी मारून लाकडी बूच काढावं लागे, आणि ते भाऊच करत. बाहेर आले की अंग पुसायच्या आधी सुटलेल्या पाण्याखाली ओंजळ धरत आणि खांबासारखे उभे राहत.

"हलू नको, शेवंता," मलाही तसंच उभं करून म्हणत. "रेती आधी बसते. मंग पिवळी माती. काळा गाळ घुमतच राह्यते, तो तळाचा. पानी भोकाकडे ओढलं जाते ना, तवा खाली भवरा धरते, अन् सालोसालचा निजलेला गाळ उठवते."

"भाऊ, बाईमाणसाले हे कायले शिकवता?"

"तू लय बोलते म्हनून. ओंजळ भरली का तोंड बंद राह्यते तुह्यं!"

एका साली पाऊस लवकर गेला. धान लोंबीवर आलेलं, माझी बांधी अगदी टोकाला, फक्त एक पाणी हवं होतं. भाऊंनी बुडी मारली, वर आले, मान हलवली. "तळाचं भोक गाळानं बुजलं. आता पानी नाही." भाऊ म्हणाले म्हणजे संपलं. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी सारं गाव कोंढ्याच्या बाजाराला गेलं. मी पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले, तर तुझ्या आईच्या बांधीत पाणी चमकत होतं. भाऊंची एकुलती लेक ती. त्याच वर्षी सासरच्यांपासून वेगळी निघालेली, तिचं हे पहिलं पीक. विहिरीचं असेल, म्हटलं. तरी ओंजळ भरली. हलले नाही. रेती बसली. माती बसली. काळं घुमत राहिलं.

भाऊ बांधावरच होते. ओंजळ तशीच त्यांच्यापुढे नेली. "भाऊ, हे कुठलं पानी होय?"

भाऊंनी ओंजळीत वाकून पाहिलं. "मी तुले काहून शिकवलो वो," एवढंच बोलले.

माझं धान पोचट निघालं. त्याचं दुःख विरलं ग. पण "शेवंता, लेकीचं पहिलं पीक आहे" एवढं म्हणाले असते, तर मी माझ्या पाण्याची पाळी स्वतः सोडली असती. मला विचारावंसंही वाटलं नाही त्यांना.

गावात मी बोलले नाही. पुढे दरवर्षी भाऊ पहिलं पाणी माझ्या बांधीत सोडत, आणि मी पाठ फिरवून उभी राहत असे. ते गेले तेव्हा अंत्यदर्शनाला आले होते मी. पाया पडले नाही.

पुस्तिकेत "देवमाणूस" छापणार असशील तर माझं नाव गाळ. येत्या आठवड्यात नवा पाणकर तळाचं भोक उघडणार आहे. ओंजळ कशी धरायची ते तुला शिकवीन. आईलाही आण. त्या पाण्याचा विषय तिनं कधी काढला नाही, मीही नाही. दोघी या, लवकर या.