गादीची चौकशी

ज्या गादीवर आपण झोपणार तिची आधी कसून चौकशी करणारा माणूस भूतलावर एकच आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा थोरला साडू आहे. लोक मुलगी देताना घराणं बघतात, जमीन घेताना सातबारा बघतात. साडूभाऊ उशी घेताना तिचं कूळ काढतात. वरचं कापड कुठलं, आत काय भरलंय, रंग कच्चा की पक्का, अंगाला घाम आला तर हे कापड तो पिणार की परत आपल्यालाच लावणार, हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्यांचं डोकं खाली टेकत नाही. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी उभी हयात काढली. तिन्ही शिफ्टमध्ये बाटल्या हुंगून हुंगून त्यांचं नाक असं काही तयार झालं की बस्स. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल पांघरली तेव्हा त्यांनी ती भर समारंभात नाकाशी नेली आणि शेजारच्या साहेबांना हळूच सांगितलं, "ॲक्रिलिक आहे. तुम्हाला लोकर म्हणून दिलंय." साहेबांचं पुढचं भाषण म्हणे फार छोटं झालं.

आम्ही पेणला राहतो. साडूभाऊ कधी मुक्कामाला आले की आमची ही दोन दिवस आधीपासून चादरी उन्हात टाकते, तरी नापास व्हायची ती होतेच. एकदा त्यांनी माझी उशी उचलली, अभ्र्याची चेन उघडून आत हात घातला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी रोज रुळावर डोकं ठेवून झोपतो हे त्यांना आत्ताच कळलं असावं. "फोम?" ते म्हणाले. "साडूभाऊ, तुम्ही शिक्षक ना? पोरांना शिकवता, आणि डोकं फोमवर ठेवता?" त्या रात्री ते स्वतःच्या पिशवीतली सावरीच्या कापसाची उशी काढून सुखाने घोरले. मी मात्र फोमवर कूस बदलत राहिलो. त्याआधी मला त्या उशीवर उत्तम झोप लागत असे.

त्यांच्या परीक्षा ठरलेल्या आहेत. कापड आधी गालाला लावायचं, कारण हाताला निबरपणा येतो, गाल खोटं बोलत नाही. मग त्यातून फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर पास. पाकिटावर कंपनी काय वाटेल ते छापो, साडूभाऊंच्या फुंकरीपुढे कुणाचं चालत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण या गृहस्थाचं तोंड कशाने पोळलं होतं हे अजून कुणाला कळलेलं नाही. तिसरी परीक्षा आगीची. कापडाचा एक धागा ओढून काडी लावायची. कागदासारखा जळून राख झाली तर सूत, आकसून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. दुकानदार या परीक्षेला सहसा तयार नसतात. एकदा 'शंभर टक्के कॉटन' असं ठळक छापलेल्या पाकिटावर त्यांनी खिशातलं भिंग धरलं आणि खालच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेला 'फील' हा शब्द शोधून काढला. म्हणजे कॉटन नव्हे, कॉटनसारखं वाटेल असं काहीतरी. तो दुकानदार अजून त्यांना लांबून पाहिलं की आत जाऊन चहा प्यायला लागतो. अलीकडे बांबूच्या कापडाची मोठी हवा आहे. ते नैसर्गिक आहे असं मी सांगून पाहिलं, तर म्हणाले, "बांबूचं कापड व्हायला त्याला किती रसायनांतून जावं लागतं ते मला विचारा. आणि बांबूवर झोपायची एवढी घाई कशाला? ती वेळ सगळ्यांवर येणारच आहे."

माझी थोरली मेव्हणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, हा संसार हसत निभावते. "मला बघायला आले होते ना, तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं आणि बसायला घातलेल्या चादरीकडे चारदा," ती सांगते. "नंतर बाबांना विचारलं काय, तर ही चादर किती धुतल्यावर मऊ झाली. बाबांना वाटलं, मुलगी पसंत नाय."

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या सासूबाई जिते गावात एकट्या राहतात. पोटी दोन मुलीच. सासरे गेल्यावरही त्यांनी शेत सोडलं नाही, भात झाल्यावर वाल पेरायचा तो पेरतातच. पण गेल्या थंडीत तापाने अंथरूण धरलं, आणि त्यातून उठल्या त्या एक दुखणं घेऊनच. झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुपारचं जेवण झालं की पाणीच बंद केलं. त्याने लघवीला जळजळ सुरू झाली, पुन्हा ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी लेकींना बजावलं की यांनी भरपूर पाणी प्यायला हवं आणि यांना एकटं ठेवू नका. लेकी न्यायला तयार होत्या, पण सासूबाई हलायला तयार नव्हत्या. "लेकी माज्याच हायत गो," त्या म्हणाल्या, "पन घर जावयांचं हाय. गादी जावयांची हाय. मी नाय येत."

त्यांना पेणला आणायचा पहिला मान मी घेतला आणि मातीही मीच खाल्ली. मोबाइलवर बघून मी एक वॉटरप्रूफ कव्हर मागवलं. मऊपणा, वारा, धागा, कशाचीही चौकशी केली नाही. पाणी गळत नाही ना, मग झालं. कव्हर आलं ते साधं प्लॅस्टिक होतं आणि त्याला नव्या रेनकोटचा वास मारत होता. सासूबाई घरात आल्या तेव्हा शेजारच्या काकू बसलेल्या होत्या. त्यांच्या देखतच मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आई, आता अजिबात काळजी करू नका, गादीला वॉटरप्रूफ घातलंय." काकू पंख्याकडे पाहायला लागल्या. सासूबाईंनी पदर सारखा केला. रात्री त्यांनी कूस बदलली की ते कव्हर भेळेच्या कागदासारखं वाजे, आणि घरात सगळ्यांना कळे की आई जाग्या आहेत. सकाळी पाहतो तर त्या गादीवरून उतरून लादीवर बसलेल्या. पाठ घामाने भिजलेली. चहासुद्धा न घेता त्या जित्याला परत गेल्या आणि आमच्या हिने माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं.

हे कळल्यावर साडूभाऊ रोह्याहून तडक पेणला आले. मी त्यांना चिडलेलं फक्त त्या दिवशी पाहिलं. त्यांनी ते कव्हर एकदा हातात घेतलं, चुरगाळलं, आवाज ऐकला आणि खाली ठेवलं. "साडूभाऊ, तुम्ही म्हातारीच्या अंगाखाली दवंडी घातलीत," एवढंच म्हणाले. मी आपली बाजू मांडायची म्हणून बोललो, की आमच्या पेणमध्ये कारखान्यांतले गणपतीसुद्धा पावसाळाभर प्लॅस्टिकखाली असतात. ते म्हणाले, "गणपती बसलेला असतो. त्याला कूस बदलायची नसते."

मग आम्ही बाजारात गेलो. म्हणजे ते गेले, मी मागे लपत लपत. एका मोठ्या गाद्यांच्या दुकानात त्यांनी पाच कव्हरं उघडायला लावली. एकाला कान लावून ते चोळलं, तर ते कुरकुरलं, बाद. दुसऱ्यातून तोंडाची वाफही पलीकडे जाईना, बाद. तिसऱ्याच्या कडेचा रबर पाहून म्हणाले की हा दोन धुण्यांत हात टेकेल. चौथं त्यांनी गादीवर पसरलं, चप्पल काढली आणि त्यावर आडवे होऊन डावी कूस, उजवी कूस, उताणे, पुन्हा डावी कूस असं सुरू केलं. दुकानात लग्नाच्या खरेदीला आलेलं अख्खं कुटुंब होतं. नवरीमुलगी तोंडाला रुमाल लावून उभी होती. दुकानदार समजूतदार होता. त्याने विचारलं, "काका, कोणासाठी पाहिजे? घरात लहान मूल आहे काय?"

"माझ्यासाठी," साडूभाऊ झोपल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाले. "मला होतं."

त्या कुटुंबातल्या एका गृहस्थाने साडूभाऊंना ओळखलंही असावं, कारण ते घाईघाईने पडद्यांच्या विभागाकडे गेले. बाहेर आल्यावर मी कळवळून म्हटलं, "अहो, असं कशाला सांगायचं? उद्या रोह्यापर्यंत बातमी जाईल." ते शांतपणे म्हणाले, "जाऊ दे की. वापरणारा माणूस समोर नसला तर दुकानदार काहीही गळ्यात मारतो." त्यांच्या बोलण्यात एवढंच होतं, की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही.

चौथंही बाद झालं, पाचवं कव्हर पास झालं. वर टॉवेलसारखं सुती कापड, आणि खालच्या अंगाला पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा अगदी तलम पडदा. कान लावला तरी गप्प. पण साडूभाऊंचं समाधान दुकानात थोडंच होतंय? रोह्याला नेऊन ते तीनदा धुतलं, नव्या मालाचा वास जाईपर्यंत वाळवलं, आणि मग आठवडाभर रोज त्यावर तांब्याभर कोमट पाणी ओतून स्वतः त्यावर झोपले. ताईने फोनवर आमच्या हिला सांगितलं, "या वयात रोज गादी ओली करतात, नि सकाळी उठून मला खालची गादी दाखवतात, बघ, कोरडी आहे म्हणून. मी कुणाकडे तोंड वर करून बघू सांग." आठवड्याने त्यांनी तशीच कव्हरं घरातल्या सगळ्या गाद्यांना आणली. स्वतःच्या, ताईच्या, पाहुण्यांच्या, बाहेरच्या दिवाणाच्यासुद्धा. उशांनाही तसेच अभ्रे. घरात दिवाणावर टेकायचं झालं तरी त्यावरच टेकायचं. मला वाटलं, आता मात्र हा गृहस्थ हाताबाहेर गेला.

मग ते एकटेच जित्याला गेले. तिथे काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. दुपारच्या गाडीने दोघं रोह्याला उतरली, साडूभाऊंच्या हातात गाठोडं, आणि सासूबाईंच्या हातात वालाच्या शेंगांची पिशवी.

महिन्याभराने मी सासूबाईंना भेटायला रोह्याला गेलो. थोडा घाबरतच गेलो, कारण पेणनंतर त्यांच्यासमोर मी उभा राहिलो नव्हतो. पण सासूबाईंची तब्येत सुधारली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. संध्याकाळचे सहा वाजले होते. मग इकडेतिकडे बघून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जावयबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "थोरल्यांचं जरा…" आणि त्यांनी कपाळाजवळ बोट फिरवलं. "अवो, सगल्या घराला कवरं घातल्यान. दिवान सोडला नाय, उशी सोडली नाय. मी कोनाला बोलत नाय. म्हनलं असूंदे, तेंचं मन राखावं. मी पन झोपते तेच्यावर. जावय हायत, दुखवून कसं चालंल?"

"खरं आहे, आई," मी म्हटलं.

"गनपतीत पेनला येन म्हनते. तुमच्याकडं तसलं काय खूल नाय ना?"

मी म्हटलं, "काय सांगू आई, साडूभाऊंनी आमच्याकडेही सक्ती केलीय. सगळ्या गाद्यांना घातलंय."

"बगा बया," त्या हसून म्हणाल्या. "मंग घेऊ चालवून तिथं बी."

हे सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर साडूभाऊ ओटीवर बसून उशांचे अभ्रे उलटे करून त्यांच्या शिवणी तपासत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटत होतं, पण आम्हा साडवांना एकमेकांची थट्टा करायचीच सवय, म्हणून मीही एक अभ्रा उचलून उलटा करायला घेतला. शेवटी ते म्हणाले, "पाच लागतील तुम्हाला. दुकानात मी येतो बरोबर, तुम्हाला कापडातलं काही कळत नाही."

पेणला परत येताना गाडीत मला माझी आई आठवत होती. तिच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिच्याखाली जाड मेणकापड घातलं होतं. फक्त तिच्याच अंथरुणावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. सेवेत आम्ही काही कमी केलं नाही, सगळेच तसं म्हणायचे. तीही पाणी फार कमी प्यायची. तेव्हा आमच्या घरात सगळी शहाणी माणसं होती.