मिठाच्या मावशीचं नाव

मिठाची मावशी गाणं म्हणायच्या आधी तीन नावं घ्यायची. देवांची नव्हेत, बायकांची. "माझी आय चांगुना, तिची जाव हासू, हासूची आय बायमा." मग पदराला हात पुसायचा आणि तोंड उघडायचं. सर्दीनं घसा बसलेला असला तरी यात बदल नाही.

पेणला आमच्या दारावर ती खाडीकाठच्या मिठागरातलं जाडं मीठ घेऊन यायची. टोपली ओट्यावर टेकली की आधी मीठ कुठल्या आगरातलं ते सांगायची, मग माप भरायची. मी धाटावच्या कंपनीत, लॅबमध्ये. शिफ्ट नसली की ओट्यावर नुसत्या वाद्यांचा ट्रॅक लावून जुनी गाणी गायचो, माईक ओठांना चिकटवून, दबक्या आवाजात. ती मोबाइलवर टाकायचो, ऐकणारे बरे जमले होते, आणि मी जरा हवेतच होतो.

एका सकाळी रेडिओच्या जमान्यातलं एक गाणं घोळवत होतो. मावशी म्हणाली, "ही चाल आमची हाय. मीठ वढताना म्हनायचू."

मी हसलो. "मावशी, ही रेडिओवरची आहे."

"आन् रेडव्यात कुठून आली?"

तिनं तीन नावं घेतली आणि गायला लागली. मी माईक खाली ठेवला. लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचं ते गाणं. रेकॉर्डमध्ये जिथे सतार वाजते, तिथे तिच्या गाण्यात फळी मागे न्यायला वेळ सोडलेला होता. वर्षानुवर्षं गात होतो आणि ती जागा का आहे ते मला आज कळत होतं.

त्या उन्हाळ्यात मी तिला कितीतरी जुनी गाणी ऐकवली. दोन-तीन तिनं ओळखली. बाकीच्यांना सरळ मान हलवायची. "हा आमचा नाय. उगाच कशाला घेऊ?" मी एकदा म्हटलं, असेल तुमचंच, नीट आठवा. तर माझ्यावरच उखडली. "मीठ कुठला ता बोलून विकताव, मंग गाना कुनाचा ता नको बोलाया? तू गा. पन नावां घे."

"घेतो की," मी म्हणालो. कबूल करायला माझं काय जात होतं?

रोह्याच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम ठरला, 'जुन्या गाण्यांची मुळं'. मावशी गावातल्या पाच बायकांना घेऊन एसटीनं आली आणि दुसऱ्या रांगेत बसली. मी आधी रेडिओवरचं गाणं गायलो, मग मिठाचं. मला तेव्हा नावं आठवली नाहीत असं मी पुष्कळांना सांगितलंय, ते खोटं आहे. तिन्ही नावं जिभेवर होती. मी म्हणालो, "ही चाल मी खाडीकाठी हिंडून शोधून काढली." खाडीच्या चिखलाला माझी चप्पल कधी लागली नव्हती. टाळ्या झाल्या. मावशी पदर सावरून, ताठ बसून वाट पाहत होती. टाळ्या थांबल्यावर तिनं शेजारणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात ती मीठ घेऊन आली. "गाना बरा झाला. नावां तेवढी ऱ्हायली."

"पुढच्या वेळी नक्की."

पुढची वेळ चारदा आली. तोवर माझ्या नावामागे 'संशोधक' लागलं होतं, आणि त्या बॅनरखाली उभं राहून नावं घेणं मला जड गेलं. मावशी येत राहिली. माप भरायची, टोपली उचलायची. आमच्या ओट्यावर मात्र ती परत कधी गायली नाही. मग एका दिवाळीनंतर दुसरीच बाई टोपली घेऊन आली. "ती गेली," एवढंच म्हणाली आणि माप भरायला लागली.

गेल्या वर्षी जोह्याला कंपनीतल्या मित्राच्या मुलीची हळद होती. मांडवात गाणाऱ्या मुलींमधल्या एकीनं ओढणीला हात पुसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा गाना पेनच्या सरांचा." मग मावशीचं गाणं सुरू केलं. तिनं ते मी मोबाइलवर टाकलेल्या गाण्यावरून उचललं होतं, आणि रीतीप्रमाणे मूळ सांगितलं होतं.

मी उठलो. तिला थांबवलं. "हे माझं नाही. चांगुनाचं आहे. तिच्या जावेचं, हासूचं. हासूच्या आईचं, बायमाचं."

कोपऱ्यातली एक म्हातारी पुढे सरकली. "चांगुना माझे म्हायेरची. तुला कुनी शिकवला?"

"तिच्या मुलीनं."

"तिला तीन लेकी व्हत्या. कंची?"

"मिठाची मावशी," मी म्हणालो.

"मीठ तिघी पन विकायच्या. नाव काय तिचा?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं ती आमच्या दारावर आली, आणि तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.