धोंडीची घागर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत नवऱ्याला कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही मुरुडहून लातूरला, एका खोलीत राहायला आलो. माझी लेक तेव्हा चार वर्षांची. फ्रॉकची शिवण टोचली की फ्रॉक काढून फेकायची. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून कोपऱ्यात. आणि डोक्यावर तांब्या ओतला की अशी किंचाळायची, बाई गं, शेजारणी धावत यायच्या! मग मी दार लावून तिला ओल्या फडक्यानं पुसायची, दाबून दाबून. हलका हात तिला चालायचाच न्हाई. "लाडानं डोक्यावर बसवून ठेवलीस," असं जो तो सुनवायचा. मला वाटायचं, घ्या की मग, एक दिवस सांभाळून दाखवा!

त्या साली पावसानं दगा दिला. गावी गेलो तर सासूबाईंनी ठरवूनच टाकलेलं, यंदा धोंडी आपली नात. धोंडी म्हणजे लेकराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, हलगी वाजवत दारोदार न्यायचं आणि पाऊस पडावा म्हणून घरोघरच्या बायांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं.

"आत्याबाई, हिला न्हाई सोसायचं," मी सासूबाईंना म्हणाले.

"पाण्यानं कुणी मरतंय व्हय? गावानं मान दिलाय आपल्याला!"

हलगी दारात आली. लेक गोधड्यांच्या ढिगाखाली शिरली. मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. बाहेर सगळं गाव, आत ही थरथरणारी, आणि त्या घराला दुसरं दार न्हाई. लई संताप आला, रडूही आलं. सासूबाई दार बडवायला लागल्या, "उघड! अवदसा आठवली का तुला?" त्या बडवण्यानं लेक आणखीच किंचाळली.

शेवटी मी दार उघडलं, कुणाच्या तरी हातातला पाला ओढून गळ्यात घातला. "घ्या, ओता माझ्यावर! पण पोरीला हात लावाल तर याद राखा."

बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. सुनेला कुणी धोंडी करत न्हाई. सासूबाईंनीच रागानं अख्खी घागर माझ्यावर रिकामी केली, तीही असल्या दुष्काळात. मग दुसऱ्या घरचं लेकरू घेऊन हलगी पुढं गेली.

मी उंबऱ्यावर निथळत बसले. जरा वेळानं लेक फडकं घेऊन बाहेर आली. माझं कपाळ, गाल, मान दाबून दाबून पुसायला लागली. माझ्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाली, "आई, तुला बी लई दुखलं का गं?"