जुन्या पत्त्यावरचं पान

आमच्या दादाला कुणी देवमाणूस म्हटलं की माझं डोकं फिरतं. तुम्हाला त्याच्यासोबत एका घरात राहायला लागलं नाही, म्हणून तुम्ही असं म्हणता. दशरथदादा म्हणजे एक नंबरचा किचकट माणूस. भाजी आणली की आधी पिशवीची घडी घालून ठेवणार, मग भाजीकडे बघणार. लिफाफ्यावर पत्ता लिहायचा तर पूर्ण, पिनकोडसकट, मग तो लिफाफा पलीकडच्या सेक्टरमध्ये का जाईना. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या खोक्यांवर पत्ते चिकटवून घ्यायच्या कामावर त्याची एकतीस वर्षं गेली. अर्धा पत्ता लिहिला की माल परत येतो, हे त्याच्या हाडात बसलंय. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

राधावहिनी, म्हणजे दादाची बायको, सात वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडलेली. एक दिवस चुकला तर चालत नाही. पाणी अंगात साठतं, रक्तात विष चढतं. तिच्यासाठी दादाने एक वही केली होती. कुठलं सेंटर सुट्टीला चालू असतं, कोण बाहेरचा पेशंट घेतं, कुणाचा फोन लागतो. वहिनी गेली तेव्हा वहीत अठ्ठेचाळीस सेंटरं होती. मी म्हटलं, आता टाक ती वही. तो गेला आणि कांदिवली स्टेशनजवळच्या क्लासमध्ये वेबसाइट शिकायला बसला. बावन्न वर्षांचा बाप्या, विशीतल्या पोरांच्यात. चार महिन्यांनी वहीची साइट झाली.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार गेला तो गेलाच. सकाळी चहा घेऊन बसायचा आणि एकेका सेंटरला फोन लावायचा. मशीन चालू आहे का, टेक्निशियन आहे का, बाहेरचं माणूस घेता का. मग पानावर तारीख टाकायची. दहिसरपासून मुलुंडपर्यंतचे पेशंट त्या तारखेवर डोळे मिटून विसंबायचे. मलाही त्याचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या साइटवरचं सगळ्यांत वापरलं जाणारं पान गणपतीचं. आम्ही कोकणातली माणसं. चतुर्थीला गावच्या घरी गेलो नाही तर वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं. पण मशीनवरच्या माणसाने जायचं कसं? गावाजवळ सेंटर हवं ना. म्हणून दादाने पान केलं, ‘गणपतीला गावी जाताय?’ त्यात तालुक्यांची नावं. तालुक्यावर बोट ठेवलं की तिथल्या सेंटरचं पान उघडायचं. वहिनीला स्वतःला सात वर्षांत एकदाही जाता आलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये मुलुंडच्या एका ट्रस्टने साइटला नवी जागा आणि नवं नाव दिलं. दादाने सगळी पानं उचलून नव्या पत्त्यावर नेली. एकशे अठरा पानं, पंधरा दिवस लागले. पण एका पानावरून दुसऱ्या पानावर जायच्या ज्या लिंका होत्या, त्यांत त्याने वर्षानुवर्षं आपल्या सवयीने पूर्ण पत्ता घातलेला. नुसतं ‘पुढचं पान’ नाही, तर साइटच्या नावासकट सगळा. आणि ते नाव जुनं. साइट नव्या घरात आली, पण आतली दारं जुन्याच घरात उघडत होती.

जुनी साइट त्याने बंद केली नाही. लोकांकडे जुना पत्ता आहे, एकदम बंद केलं तर बिचारे कुठे जातील, असं त्याचं म्हणणं. तिथल्या पहिल्या पानावर त्याने पाटी लावली, की आम्ही नव्या पत्त्यावर आलोय. आतल्या पानांवर काही लावलं नाही. मग नव्या साइटवर बसून एकेक लिंक दाबून बघितली. सगळी पानं उघडली. दिसायला डिट्टो तीच. वर पत्ता बारीक अक्षरात बदललेला असायचा, पण मोबाइलवर तिकडे बघतं कोण? संध्याकाळी मला म्हणाला, “इरा, सगळं चालतंय.” मी झकास म्हटलं आणि कुकर लावला.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं सेंटर जूनमध्ये बंद पडलं. जुलैच्या पहिल्या रविवारी दादाला ते कळलं. त्याने नव्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं, ‘बंद. जाऊ नये.’ जुन्या पानावर त्याचंच आधीचं वाक्य तसंच राहिलं. ‘फोन उचलत नाहीत. घाबरू नका. सकाळी आठच्या आत थेट जा, घेतात.’

सुशांत बोरिवलीचा, चौतीस वर्षांचा. वहिनी ज्या सेंटरला जायची तिथेच मशीनवर असायचा, म्हणून दादाच्या ओळखीचा. त्याचं गाव त्याच तालुक्यातलं. चार वर्षं गावच्या गणपतीला गेला नव्हता. त्याची बायको श्वेता हिने गणपतीचं पान उघडलं, तालुक्यावर बोट ठेवलं आणि समोर आलेलं वाचलं. फोन लावला, कुणी उचलला नाही. पानावर लिहिलंच होतं, घाबरू नका. ती घाबरली नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आठला ती दोघं सेंटरवर पोचली. कुलूप. दुसरं सेंटर ऐंशी किलोमीटरवर, तिथे दोन दिवस सगळी मशीनं लागलेली. त्यांनी परवाचा नंबर दिला. चतुर्थीला सुशांतने बसून आरती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून त्या सेंटरला जाताना, वाटेतच गेला. त्यांची मुलगी गार्गी सहा वर्षांची, ती त्याच्याच मांडीवर झोपली होती.

अकराव्या दिवशी श्वेताचा फोन आला. मी दादाच्या शेजारीच होते. तिचा दीर देवेश याने साइट उघडून बघितली होती. त्याने सेंटरचं नाव टाकून शोधलं, तर सरळ नवं पान आलं, लाल अक्षरांचं, जुलैच्या तारखेचं. घरातल्या सगळ्यांना त्याने ते दाखवलं. आता श्वेता विचारत होती, “काका, तिथे बंद लिहिलं होतं का हो? मला चालू दिसलेलं. मी नीट वाचलं नाही का?”

दादा म्हणाला, “बघतो.”

आणि बघितलं. गणपतीच्या पानावरून तालुक्यावर गेला. वरच्या बारीक पत्त्यावर बोट ठेवून बसला तो बसलाच. मग मला दाखवलं. वर जुना पत्ता होता, खाली ‘घाबरू नका, थेट जा.’

चार दिवस तो कामावर गेला नाही. चारशे बारा लिंका एकेक करून बदलल्या. मध्येच म्हणाला, “श्वेताला सांगायला पाहिजे गं.”

आणि मी, मी त्याला म्हटलं, गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे बाहेर पडलं तर ट्रस्ट साइट बंद करेल, मग बाकीच्या पेशंटांनी कुणाकडे बघायचं? गेलेला माणूस परत येणार आहे का? आणि ते जुनं घोंगडं आधी उचल, काही शिल्लक ठेवू नकोस. त्याने ऐकलं. जुनी साइट पुसली आणि अशी सोय केली, की जुन्या पत्त्यावर कुणी गेलं तरी आपोआप नव्या पानावर यावं. काम त्याने चोख केलं, तेही त्याच्या हाडातच आहे. श्वेताला फोन मात्र केला नाही. तिनेही पुन्हा केला नाही. काका गप्प आहेत म्हणजे चूक आपलीच, अशी तिने समजूत करून घेतली.

दादाचं जेवण सुटलं. पहिला रविवार आला की फोन लावायचा आणि पलीकडून कुणी बोललं की आपण काय विचारायला बसलोय तेच विसरायचा. मी चिडायचे. चिडायचे ती माझ्यावरच, पण आवाज त्याच्यावर निघायचा.

दिवाळीनंतर वहिनीच्या सेंटरच्या सिस्टर क्षमा बाजारात भेटल्या. त्यांच्याकडून कळलं, की श्वेताला माहेरी घाटकोपरला पाठवलंय आणि गार्गीला बोरिवलीलाच ठेवून घेतलंय. सासू म्हणाली होती, जिला नवऱ्याच्या जिवाचं चार ओळींचं वाचता आलं नाही, तिच्या हातात पोर देणार नाही. श्वेता भांडलीसुद्धा नाही. तिलाही ते खरंच वाटत होतं.

हे ऐकल्यावर दादा तसाच पिशवी घेऊन घाटकोपरला निघाला. मी मागून गेले. श्वेताने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. फक्त विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“तू फोन केलास त्याच दिवशी.”

“आज नोव्हेंबरची पंधरा तारीख आहे, काका.”

मला म्हणायचं होतं, की त्याला मी अडवलं. ते मी म्हटलंच नाही. याची मला आयुष्यभर लाज वाटेल.

श्वेता म्हणाली, “मला नका सांगू. बोरिवलीला जाऊन सांगा. आणि माझ्या गार्गीला घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बोरिवलीला गेलो. देवेशने दार उघडलं, बसवलं, पाणी दिलं. दादाने पहिल्यापासून सांगितलं. लिंका, जुना पत्ता, नवा पत्ता, सगळं. “तुझ्या वहिनीने जे वाचलं ते बरोबर वाचलं. ते मी लिहिलं होतं. सुशांत माझ्या चुकीने गेला.”

देवेशने मोबाइल काढला. गणपतीचं पान उघडलं, तालुक्यावर बोट ठेवलं आणि स्क्रीन दादासमोर धरली. लाल अक्षरं. बंद, जाऊ नये.

“आता बरोबरच दिसणार,” दादा म्हणाला. “मी दुरुस्त केलं ना.”

“मग जुनं दाखवा.”

दादाने जुना पत्ता सांगितला. पूर्ण. देवेशने तो अक्षर न अक्षर टाइप केला. क्षणभर पांढरं झालं आणि पुन्हा तीच लाल अक्षरं आली.

दादाने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या पानाची प्रत होती, ती छापून आणली होती. देवेशने वाचली आणि परत दिली. “काका, हे तुम्हीच टाइप केलेलं. आज सकाळीही करता येतं.” तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. “वहिनीने पाठवलं ना तुम्हाला?”

“तिने पाठवलं. पण हे खरं आहे.”

“एवढं खरं होतं तर इतके दिवस कुठे होतात?”

मी मध्ये पडले. म्हटलं, मी अडवलं होतं याला, मी, माझ्यामुळे गप्प बसला. देवेशने माझ्याकडे बघितलं, जसं कुणी आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघतं. समजूत घालायची म्हणून.

आतून सुशांतची आई आली. दादाच्या समोर खाली बसली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “दशरथा, तुजा मन मोठा, म्हणान तू तिच्यासाठी आपल्यार घेतस. माका म्हायत हा. राधाक तू फुलासारखी जपलंस. तुज्या हातान कोणाचा वायट जावचा नाय.” मग डोळे पुसले. “पण माजो झील गेलो. चाय घे आणि जा.”

आतल्या खोलीत गार्गी टीव्ही बघत होती. दारातून तिचे पाय दिसत होते. दादा उठला, तिकडे एक पाऊल टाकलं. देवेश दारात उभा राहिला.

आम्ही जिना उतरलो. दादाच्या हातात तो कागद तसाच. म्हणाला, “इरा, माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत गं ते.” साठीला आलेला माणूस, भर दुपारी बिल्डिंगच्या गेटपाशी हुंदके देऊन रडायला लागला. वॉचमनने खुर्ची आणून दिली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि माझ्या हातात दिला. श्वेता होती.

“काका, निघालात का तिला घेऊन? तिचा स्वेटर कपाटात वरच्या खणात आहे, तेवढा आठवणीने घ्या.”