दोन्ही काठांची मांजरं

कर्ली खाडीवर देवबागच्या काठावरून लवू तारी होडी घालत असे. माणसं, तांदळाच्या गोणी, नवरीची ट्रंक, आजारी म्हातारी, जे येईल ते तो पलीकडे कोरजाईला पोचवी. नाही म्हणणं त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. असल्या माणसाच्या गळ्यात लोक काय वाटेल ते बांधतात. लवूच्या गळ्यात त्यांनी मांजरं बांधली.

वाडीत मासळी वाळायची, त्यामुळे मांजरांना काय तोटा! प्रत्येक घरात एक भाटी, म्हणजे मांजरी, आणि ती कायम गाभण नाही तर लेकुरवाळी. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून मारायचं कुणी नाव काढत नसे. पुण्यवान लोक! पण पिल्लं कुणालाच नको असत. मग त्यावर तोडगा निघाला. पाणी ओलांडून सोडलेल्या मांजराला परतीची वाट सापडत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. सकाळच्या पहिल्या खेपेला एखादी बाई गोणपाटाचं बोचकं होडीत ठेवून म्हणायची, "लवू, एवढी पिलां पलतडीक सोड रे. देव तुझा बरा करांदे."

आता गंमत बघा. पलतडीच्या, म्हणजे कोरजाईच्या लोकांनाही देवाने हीच अक्कल दिली होती. परतीच्या खेपेला तिकडचं बोचकं होडीत चढे. स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी लवूने वल्हं हातात घेतलं, तेव्हापासून तो इकडची पिल्लं तिकडे आणि तिकडची इकडे करत होता. दोन्ही काठांवर मांजरं तेवढीच राहिली. मधल्या मधे जी कुत्र्यांनी फाडली, कावळ्यांनी टोचली, उपाशी मेली, ती मात्र लवूच्या डोळ्यांसमोर. सोडायला गेलेला माणूस मागे वळून बघतोच. लवूही बघायचा, आणि मग त्याला जेवण जात नसे.

बायको लग्नानंतर लवकरच वारली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, होती ती फक्त कवडी. अशाच एका बोचक्यातून आलेली, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. तेवढी एकच त्याने ठेवून घेतली. संध्याकाळी ती धक्क्यावर येऊन बसे आणि होडी लागली की त्याच्या पायात घोटाळत घरापर्यंत जाई. लवूचा तिच्यावर फार जीव होता. पण ती वर्षातून दोन-तीनदा वीत असे, आणि तिची पिल्लंही शेवटी पलीकडेच जात, दुसरं करणार काय? मग कवडी चार दिवस घरभर हाका मारत हिंडे. चुलीमागे बघे, माचाखाली बघे. दर वेताला ती खंगत चालली होती. पाठीचा कणा हाताला लागायचा. हे कुठंतरी थांबलं नाही तर ही मरणार, एवढं लवूला कळत होतं.

एकदा मालवणचे गुरांचे डॉक्टर होडीत बसले. परुळ्याला बैल खच्ची करायला निघाले होते. लवूने भीत भीत विचारलं, "डॉक्टरसाहेब, बैलाक करतास तसा माजराक करूक येता काय?"

होडीतली माणसं खो खो हसली. डॉक्टर हसले नाहीत. "बोक्याचं इथेही जमेल," ते म्हणाले, "पण त्याने भागत नाही. दहा बोके केले आणि एक राहिला, तरी ये रे माझ्या मागल्या. खरी करायला हवी ती मांजरी. एका मांजरीच्या चार पिल्लांत दोन माद्या धर. सहा महिन्यांत त्याही व्यायला लागतात. तू किती खेपा करशील, बाबा?"

"मग आमच्या कवडीक करा."

"तिचं पोट उघडावं लागतं. भूल हवी, स्वच्छ खोली हवी. माझ्याकडे एक पेटी आणि एक सायकल. मुंबईला मोठ्या इस्पितळात करतात."

लवूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं वल्हं मारून जे झालं नाही, ते एका टाक्याने होण्यासारखं होतं! होडीत बसेल त्याला तो हा हिशेब सांगू लागला. चार पिलां, त्यातल्यो दोन भाटयो, त्यांची परत चार-चार. लोक ऐकत, हसत, आणि उतरताना बोचकं ठेवून जात.

चतुर्थीला त्याच्या बहिणीचा नवरा गंगाराम मुंबईहून आला. गिरणीत होता. लवूने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "जाताना कवडीक घेवन जा रे. बोटीत मी करंडयेत घालून देतंय."

"खुळो काय रे तू?" गंगाराम म्हणाला. "थंय माणसाक पाय पसरूक जागा नाय. आणि डॉक्टराक काय सांगू? माजरीचा कुटुंबनियोजन करा म्हणान?"

सगळी ओटी हसली. लवू एकटाच हसला नाही.

शेवटी त्याने डॉक्टरांकडून वाडीतला एक जाडा बोका तरी खच्ची करून घेतला. बोचकाऱ्यांनी हात सोलून निघाले. दोन महिन्यांनी कवडी पुन्हा गाभण. चोर सोडून संन्याशाला फाशी! खरा चोर होता तो कोरजाईहून आलेला पिवळा बोका, आणि त्याला लहानपणी या काठावर सोडणारा दुसरा कोण असणार? लवूच.

त्या वेतात कवडी मेली. रात्रभर कण्हत होती. सकाळी तीन पिल्लं तिच्या थंड पोटाला लुचत होती. लवूने तिला माडाच्या मुळाशी पुरलं, पिल्लं करंडीत घातली आणि होडी पलीकडे काढली. कोरजाईच्या हौसाबाईच्या घरी भाटी व्याली होती, हे त्याला ठाऊक होतं.

"हौसावैनी, ह्यांची आवस मेली गो. तुझ्या माजरीक जरा पाजूंदे."

"भावजीनू, काल माझी चार पिलां तुमच्याच होडयेत घातलंय मां?" हौसाबाई म्हणाली. "ती सोडून आता ही पाळू?"

ती चार लवूने काल देवबागच्या काठाला सोडली होती. सकाळपर्यंत त्यातलं एकही उरलं नव्हतं.

तेवढ्यात आवाज ऐकून आतली भाटी धावत आली. तिची आचळं दुधाने तटतटली होती. ती करंडीत शिरली, पिल्लांना चाटू लागली. एका पिल्लाने आचळ धरलंसुद्धा. हौसाबाईने ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने भाटीला उचलून बाजूला केलं.

"महिन्यान ही मोठी जातली," ती म्हणाली. "ह्यातल्यो दोन भाटयो आसत. त्येंका परत चार-चार. ता सगळा कोण निस्तरतलो? तुमीच सांगलास मां माका?"

हिशेब त्याचाच होता, आणि बरोबर होता.

करंडी घेऊन तो होडीत आला. माणसं खोळंबली होती. एका म्हाताऱ्याने करंडीत डोकावून विचारलं, "तारी, ही खंय सोडतलंस?"

लवूने करंडी त्याच्या मांडीवर ठेवली.

"खंय सोडू?" तो म्हणाला. "तूच सांग."