दगडाखालचा कोळसा

ती घटना आजही मला फूट-इंचांसकट आठवते. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी अंबरनाथ-बदलापूर भागात फौजदार होतो. तिथल्या एका नगरपालिकेने बांधकाम खात्याच्या यार्डासाठी हद्दीबाहेरची दोन एकर दहा गुंठे जमीन आपल्यात घेतली होती. खडी, डांबराची पिंपं, वाफेवरचा रोलर ठेवायला. यार्डाची पूर्वेची हद्द एका जुन्या सर्व्हे दगडापर्यंत होती. पलीकडे एका विधवा बाईचा भाजीचा मळा.

एका सकाळी यार्डाच्या मुकादमाने फिर्याद दिली. बाईने रात्रीतून हद्दीचा दगड यार्डात सरकवला. त्याने तो परत जागेवर बसवला, तर ती कोयता घेऊन अंगावर आली. मी बाईला ठाण्यात आणून बसवलं आणि अटकेचा कागद लिहायला घेतला.

"सायेब, दगुड मी नाय हालवला," ती म्हणाली. "माजी इहीर यार्डात गेली तं मळा करपंल. चार तोंडं हायेत त्याच्यावर."

दुपारी निर्वासितांच्या कॅम्प नंबर तीनमधला एक सिंधी चहावाला आला. त्याची हातगाडी यार्डासमोर असे.

"साहब, पत्थर को पैर होते हैं क्या?" तो हसत म्हणाला. "सोमवारी माझ्या गाडीच्या समोर होता. आज बघतो तर कुएँ के पार!"

मी टेप घेऊन निघालो. बाईलाही बरोबर घेतलं. चहाच्या गाडीसमोर दगडाचा जुना खड्डा दिसत होता; दगड तिथून बेचाळीस फूट पूर्वेला गेला होता. विहीर जुन्या खड्ड्यापासून एकोणीस फुटांवर, म्हणजे आता यार्डात.

"जुन्या खड्ड्यात तिनेच नेला होता," मुकादम म्हणाला. "मी मूळ जागी आणला."

"मोजलंस?"

"नजरेनं कळतं, साहेब."

"रोलरला पाणी कुठून आणतोस?"

पाणी अर्ध्या मैलावरून बैलगाडीने येत होतं. संशय आला, पण पुरावा नव्हता. तेव्हा कुळगावच्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. मोजणी खात्यात त्याने सव्वीस वर्षं साखळी ओढली होती.

"दगुड वर दिसतो सायेब, खूण खाली असते," तो म्हणाला. "पुरताना आम्ही तळाशी दोन ओंजळी कोळसा टाकायचो. कोळसा कुजत नाय, त्याला वाळवी लागत नाय."

दोन पंच उभे केले आणि आधी विहिरीपलीकडचा दगड उपटला. तीन फूट खणलं. नुसता कोरा मुरूम. मग जुना खड्डा. एक फूट, दोन फूट, काहीच नाही. गर्दी वाढत चालली होती.

"कोळसा सोडा, राखसुद्धा नाही!" मुकादम ओरडला.

"आणखी एक वीत," म्हातारा म्हणाला. "घाई कशाला करतो रे?"

दोन फूट सात इंचांवर कुदळ काळी होऊन वर आली. मी स्वतः खड्ड्यात उतरलो आणि बोटांनी माती बाजूला केली. कोळसा! गर्दीने असा गलका केला की रोलरवरचा माणूसही धावत आला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी पंचनामा लिहिला नाही.

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. "पाण्यासाठी केलं, साहेब. वरचे रोज बोलतात, रोलर का थांबला."

"मग हिला विचारलं का नाहीस?"

"त्यानं इचारलं असतं तं दिलं असतं की दोन पिंपं," बाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सायेब, आता जाऊ? वांग्याला पाणी द्यायचं ऱ्हायलंय."

पहिली फिर्याद ज्याची, खरं त्याचं, असं मी तोवर धरून चालत होतो. त्यानंतर जमिनीचा वाद आला की मी आधी जागेवर जाऊन मोजायचो, मग माणसाला बोलवायचो. ही सवय नोकरीभर टिकली. पण त्या दिवशी बाईला मी पाच तास ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. त्याबद्दल मी तिला माफीचा एक शब्दही बोललो नाही.