प्यादं एकच घर

रोलिंग मिलमधला इलेक्ट्रिशियन अजमत तसा चिवट. १९९४ साली त्यानं वर्षभर खपून एक कार्ड जुळवलं आणि घरच्या कॉम्प्युटरात बसवलं. त्या कार्डाला बुद्धिबळाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पहिल्या डावाला त्यानं शहागडहून भुजंगकाकांना बोलावलं, कारण खेळ त्यांनीच शिकवला होता.

मशीननं प्यादं दोन घरं टाकताच काका उठले. "आपल्यात प्यादं एकच घर चालतं. हे रडीचा डाव खेळून राह्यलं."

अजमतनं वाद घातला नाही. आठ महिने लागले, पण चिपमधला एकूण एक नियम त्यानं गावच्या खेळाप्रमाणं नव्यानं लिहिला.

काका पुन्हा आले आणि तासाभरात त्यांच्यावर मात झाली. त्यांनी पट दोनदा न्याहाळला.

"आता बराबर हरलो," ते म्हणाले. "मांड पुन्हा."